पिन कूलरच्या डोक्यावर

आमच्या गावात उन्हाळा लागला हे कॅलेंडर पाहून कळत नाही, डांबराच्या वासानं कळते. होळी झाली की एकेक घर आपला कूलर बाहेर काढते. कोणाचा माळ्यावर असते, कोणाचा गोठ्यात कुटारावर, म्हणजे भुशाच्या ढिगावर, पडून असते. अंगणात आणून त्याले आडवा करायचा, टाकीतला मागच्या वर्षीचा गाळ खरवडायचा, पत्रा सडू नये म्हणून आतून डांबर फासायचं, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बांधायच्या, अन् चार जणांनी मिळून खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर चढवायचा. मग पहिल्यांदा बटन दाबलं की ओल्या खसाचा जो वास घरात शिरते ना, त्याच्यासाठी मी नागपूरची खोली सोडून दर उन्हाळ्यात गावाले पळत येते.

गाव आमचं रामटेकच्या रस्त्यावर. गच्चीवरून टेकडीवरचं देऊळ दिसते, बाकी चारी बाजूले धानाचे बांधे. मी नागपूरले राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिली होती, अजूनही करूनच राहिली आहे, ते जाऊ द्या. सांगायचं हे की मागच्या उन्हाळ्यात मी गावात होती, हातात फोन होता, अन् माझं टायपिंग गावात सगळ्यात फास्ट होतं. म्हणून सरपंचताईंनी मले गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन केलं.

"पोरी, तू शिकलेली हायेस," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्याच्या सूचना तूच टाकत जाय. मी टाकते तं लोक मले फुलं पाठवतात."

"कोणती फुलं, ताई?"

"गुड मॉर्निंगची. सूचना वाचतच नाही कोनी."

मले तर काय, पंख फुटले. आठ दिवसांत मी ग्रुपचा चेहराच बदलून टाकला. दुपारी बारा ते चार शेतात जाऊ नये. ताक, पन्हं, लिंबूपाणी घ्यावं. कापून ठेवलेलं टरबूज घेऊ नये, अख्खं घ्यावं. पंप, वायर, पंखा, काहीही विकत घेताना पक्कं बिल मागावं. एवढं सगळं मी शुद्ध मराठीत लिहायची. परीक्षेच्या पुस्तकातली मराठी माझ्या डोक्यात तेव्हा इतकी भरली होती की आईले चहा मागतानाही तोंडातून "कृपया" निघून जायचं.

अन् कूलरची सूचना तर माझी सगळ्यात लाडकी होती. कारण बाकीच्या सूचना ऐकल्या नाही तर माणसाचं डोकं दुखेल, पोट बिघडेल. कूलरची ऐकली नाही तर माणूस जाते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात पेपरच्या कोपऱ्यात एखादी तरी तशी बातमी असतेच, पाणी भरताना करंट लागला म्हणून. लोखंडाची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात पंप, अन् भरणारीचे पाय ओल्या जमिनीवर. सांगायची गरज आहे का?

आमच्या घरी भरणारी आई होती. रोज दोनदा, बकेटनं, अनवाणी. अन् आमचा कूलर झिणझिण्या द्यायचा. पत्र्याले हात लागला की मनगटापर्यंत मुंग्या यायच्या. मी कधीही बोलली की आई म्हणायची, "थोडासा तं सगळ्यांचाच मारते. कूलर हाय, चावनारच."

जणू काय कूलर म्हणजे शेजाऱ्याचा कुत्रा.

म्हणून मी अर्धा तास बसून, तीनदा खोडून, एकदम सरकारी वाटेल अशी ओळ लिहिली. ती मले अजून पाठ आहे. "सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, वीजपुरवठा खंडित असतानाच कूलरमध्ये पाणी भरावे."

"खंडित" या शब्दावर मी स्वतःच खूश होती. ग्रुपवर पटापट अंगठे आले. सरपंचताईंनी दोन हात जोडलेले पाठवले. शेजारच्या काकांनी पण अंगठा दिला, अन् काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, आमच्या कुंपणाच्या पलीकडे राहणारे, जे कोणत्याच गोष्टीले अंगठा देत नाहीत.

आता पुढचं ऐका. दुसऱ्याच दिवसापासून गावात काहीतरी वेगळंच सुरू झालं. दुपारी लाईट गेली की, आमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच, आधी सगळे लोक अंगणातल्या निंबाखाली येऊन पंखे हलवत बसायचे. आता लाईट गेली रे गेली की घराघरातून बकेटांचा आवाज. खणखण, खणखण. बाया पदर खोचून ड्रमकडे पळून राहिल्या, माणसं कूलरची ताटी काढून राहिले, गल्लीत एकच धावपळ. घराघरात आवाज, "भरा भरा, लाईट येऊन जाईन."

मी ओट्यावर उभी राहून पाहायची अन् छाती फुगायची. अख्खं गाव माझ्या मेसेजवर चालून राहिलं होतं. मी नागपूरच्या मैत्रिणींना व्हिडिओ काढून पाठवला, खाली लिहिलं, जनजागृती. एकजण म्हणाली, तू आताच कलेक्टर झाली वं. मी पण मनातल्या मनात लाल दिव्याच्या गाडीत बसून आली.

कसं दिसलं नाही मले? आज विचार करते तर हसू येते अन् स्वतःचा रागपण येते. खिडकीच्या आत बोर्डवर प्रत्येक घरात कूलरची पिन, म्हणजे प्लग, लागलेली होती. बटन चालू होतं. मुद्दाम चालू होतं. कारण आमच्याकडे लाईट आली हे कसं कळते, तर कूलर घुर्र करते. लाईट गेली की कोणीच बटन बंद करत नाही, नाहीतर लाईट आलेली कळणार कशी.

चौथा किंवा पाचवा दिवस असेल. लाईट गेली, आईनं तीन बकेटा ओतल्या. मग म्हणाली, पंपात खस अडकलं वाटते, पानी वर चढून नाही राह्यलं. बाजूची ताटी काढून तिनं कोपरापर्यंत हात टाकीत घातला. मी दारात उभी राहून ग्रुपवर टरबुजाचं काहीतरी टाइप करून राहिली होती.

कूलर घुर्र झाला.

मी वर पाहिलं तेव्हा आई जमिनीवर बसलेली होती. पडली म्हणणार नाही मी, फेकल्यासारखी बसली होती. लवंडलेली बकेट अंगणाच्या त्या टोकाले. तिचा हात तिच्या मांडीवर पडून होता, तिचा नसल्यासारखा, अन् ती त्याच्याकडे पाहून राहिली होती. मी आत पळाली, बोर्डवरची पिन उपटली, बाहेर आली.

"काही नाही झालं वं," आई म्हणाली. ओठ पांढरे. "झटकला त्यानं. चांगलं झालं झटकला, पकडून नाही ठेवला."

तिच्या पायात त्या दिवशी रबराची चप्पल होती. सकाळी काटा रुतला म्हणून घातली होती. नाहीतर रोज अनवाणी. मी हे वाक्य लिहून पाच मिनिटं थांबली, मग पुढचं लिहून राहिली आहे.

गाडीवर बसवून आधी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, ईसीजीची पट्टी काढली, सगळं नीट आहे म्हणाले. सूज कोपराले होती, बोटं संध्याकाळपर्यंत बधिर. घरी येऊन मी तिले साखरेचं पाणी दिलं अन् मग रागच आला मले. भीती वाटली की मले राग येते.

"आई, पिन काहून नाही काढली तू? मी ग्रुपवर इतकं लिहून राहिली, तू माझी आई असून वाचत नाही?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच येडी आहे.

"वाचलं ना. दोनदा वाचलं. तूच तं टाकलं, वीजपुरवठा खंडित असतानाच भरा. खंडितच व्हता ना मंग? लाईट गेल्तीच ना?"

तिनं आपला फोन माझ्यापुढं सरकवला.

"रोज मेसेज येते ना फोनवर, आज तुमच्या भागात वीजपुरवठा खंडित राहील. तेच हाय ना खंडित? का दुसरं हाय?"

दुसरं काहीच नव्हतं. गावात "वीजपुरवठा खंडित" या दोन शब्दांचा एकच अर्थ होता, लाईट गेली. पिन काढा असा त्याचा अर्थ फक्त माझ्या पुस्तकात होता. मी अख्ख्या गावाले शुद्ध मराठीत सांगितलं होतं की लाईट गेली की हात पाण्यात घाला अन् ती यायची वाट पाहा. आधी निदान अर्धे लोक सकाळी आरामात बटन बंद करून भरायचे. माझ्या मेसेजनंतर सगळे एकाच टायमाले, घाईत, चालू बटनावर.

मी तिथल्या तिथं फोन काढला. आधीचा मेसेज डिलीट होत नव्हता, खूप जुना झाला होता. नवीन लिहिला. "दुरुस्ती: कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा." पाठवला. दोन अंगठे आले. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, अन् बकेटा खणखणल्या.

मी गल्लीत पळाली. "काकू, पिन काढा, पिन."

"लाईट नाही ना बाई," समोरच्या घरच्या काकू म्हणाल्या. "तुझंच ऐकून राह्यलो आम्ही."

"नवीन मेसेज टाकला ना काल."

"तो पाह्यला ना. कूलरचाच व्हता. तो तं आधीच आल्ता."

बघा म्हणजे. एकदा लोकांना एखादी गोष्ट समजली की मग ती दुरुस्त करणं किती कठीण. शेजारचे काका तर कुंपणावर हात टेकून मजा पाहून राहिले होते.

"काय वं कलेक्टरीणबाई, आज काय नवीन कायदा?"

"काका, पिन काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. लाईट कधीही येते."

"तीस वर्स झाले कूलर भरून राह्यलो. अन् रोज पिन काढली, घातली, तं बोर्ड ढिला होते. तुले बोर्डाचं मालूम हाय का अभ्यासाचंच मालूम हाय?"

"आईले काल..." मी बोलायले गेली, अन् मागून आईनं माझी वेणी धरून ओढली.

घरात नेऊन म्हणाली, "गावात सांगू नको. हसतील लोक. स्वतःच्या पोरीचा मेसेज वाचून पडली म्हनतील."

मी दोन दिवस तिच्या मागं लागली. तिचं एकच, नाही. या दोन दिवसांत मी आमचा कूलर तरी सुधारायचं ठरवलं. वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांनी कूलरची वायर हातात घेतली अन् हसले. "दोनच तारा हायेत इच्यात. तिसरी तार, अर्थिंगची, नाहीच. म्हनून चावते तो."

"म्हणजे सगळेच कूलर चावतात ते...?"

"सगळ्याइकडे दोनच हाय ना."

झिणझिण्यांचा अख्खा इतिहास एका वाक्यात. मी अन् आई बसनं नागपूरले जरीपटक्याच्या बाजारात गेलो. तीन तारांची वायर, तीन पायांची पिन, आयएसआय मार्क असलेला पंप, एवढं घ्यायचं. दुकानदारानं दोन तारांचीच वायर मोजायले घेतली.

"तीन तारांची द्या," मी म्हटलं.

"बेटा, सब लोग यही ले जाते हैं."

"सब लोगोंको झटका भी लगता है," आई म्हणाली. माझ्याआधी. तिची हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरती, पण त्या वाक्यात एवढा करंट होता की दुकानदारानं गुपचूप दुसरं बंडल काढलं. वर आई म्हणाली, "और पक्का बिल." तिनं माझी ती सूचना वाचली होती तर. ती बरोबर समजली होती. बिल घडी करून तिनं ब्लाऊजमध्ये ठेवलं, अन् बसमध्ये दोनदा काढून पाहिलं.

वायरमन भाऊंनी वायर जोडली. मग अर्थिंग तपासायले बल्ब घेतला, तर बल्ब असा मंद लागला की जसा झोपेतून उठून राहिला आहे. मोरीमागं जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या सळीजवळची माती भेगा पडून सुकली होती.

"मातीले तहान लागली," ते म्हणाले. "कोरड्या मातीत करंट जात नाही. उन्हाळाभर हिच्यात पानी टाकत जा."

आईनं लगेच तांदळाचं धुवण आणून ओतलं, मग भांड्याचं, मग अजून एक बकेट. थोड्या वेळानं बल्ब खणखणीत लागला. कूलर सुरू करून भाऊंनी टेस्टर पत्र्याले लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. आईनं पण मग उलट्या बोटानं हळूच पत्र्याले शिवून पाहिलं. मी डोळे मिटून घेतले होते.

"नाही चावून राह्यला," ती म्हणाली. आवाज एकदम लहान पोरीसारखा. "इतके वर्स मले वाटे कूलर असाच असते."

मग ती ओट्यावर बसली अन् स्वतःहूनच म्हणाली, "तुझं लिहिनं लोकाइले नाही समजत. खंडित बिंडित. मले बोलायले लाव त्याच्यात."

"व्हॉइस मेसेज?"

"तेच ते. अन् तू मधात बोलू नको."

मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. पहिले तीन तर "हॅलो, हॅलो, आवाज येते का" यातच गेले. चौथा हा:

"मी बोलून राह्यली, गल्लीतल्या देवळाजवळच्या घरची. मीनं लाईट नसताना कूलरमंधी हात घातला व्हता. लाईट आली. मी पडली. वाचली म्हनून बोलून राह्यली. तं लाईट गेली का न गेली, आपल्याले काही मतलब नाही. घरात जायचं, हात पदराले पुसायचे, बोर्डाची पिन काढायची. काढून तिथंच नाही ठेवायची, आतून कोनी परत लावून देते, आमच्या घरी ह्यांना सवय हाय तशी. पिन खिडकीतून भाईर ओढायची अन् कूलरच्या डोक्यावर ठेवायची. पिन डोक्यावर दिसली, मंगच पानी. दिसली नाही, तं बकेट खाली. अन् पायात रबराची चप्पल. अजून एक, आमचा मोठा गंज, भात शिजवाचं भांडं, काठाले चेपलेला, लग्नात कोनाच्या घरी राह्यला असन तं आनून द्या. ठेवते."

मी म्हटलं, आई, गंजाचं काढून टाकू का.

"काहून? तेच तं महत्त्वाचं हाय."

अन् खरं सांगते, तेच महत्त्वाचं निघालं. कारण कूलरचा मेसेज म्हणून कोणीच ऐकला नसता, तो तर आधीच आला होता. पण अर्ध्या तासात गावभर बोंब झाली की अमकीचा गंज हरवला अन् ती कोणाचं तरी नाव घेऊन राहिली. मग ज्यांनी नाही ऐकला त्यांनी पण ऐकला, शेवटपर्यंत ऐकला, कारण गंज शेवटी होता. ज्यांच्या घरी गंज नव्हता त्यांनी कोणाच्या घरी आहे हे शोधायले दोनदा ऐकला. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून तीन गंज आले, एकही आमचा नव्हता. आईनं तिघींनाही बसवून चहा दिला अन् तिघींनाही सुजलेला कोपर दाखवला. लोक हसले नाहीत. एक काकू तर कोपराले हात लावून रडल्या, अन् घरी जाऊन आधी पिन काढली म्हणे.

सरपंचताईंनी तो मेसेज घंटागाडीवर लावला. ओला कचरा, सुका कचरा, अन् मधात माझी आई. रोज सकाळी साडेसातले गल्लीत आवाज यायचा, "पिन कूलरच्या डोक्यावर दिसली, मंगच पानी." लहान पोरं चालता चालता म्हणायले लागली. अन् यातली खरी गंमत ही की पिन डोक्यावर ठेवली की ती रस्त्यावरून दिसते. कोणी काढली, कोणी नाही काढली, लपवताच येत नाही. आमच्या गावात एकमेकांच्या अंगणात पाहायची सवय आधीपासून आहेच, ती पहिल्यांदा कामाले आली.

"वैनी, पिन नाही दिसून राह्यली तुमची."

"हाय ना, मागच्या बाजूले पडली."

"उचला मंग, मले दिसू द्या."

असं सुरू झालं. माझ्या शुद्ध मराठीनं जे दोन शब्दांत बिघडवलं, ते आईच्या तोंडून आलेल्या त्या एका पिनेनं आठवड्याभरात सरळ केलं. मी पण शिकली. मी टाइप केलेली प्रत्येक सूचना आधी आईले वाचून दाखवायले लागली. तिले समजली तर टाकायची, नाहीतर तिनं सांगितलं तसं लिहायचं. "उष्माघात" तिनं खोडला. म्हणाली, ऊन लागलं असं लिही, लोकाइले ऊन लागते, उष्माघात लागत नाही.

एकच माणूस राहिला होता. काका.

ते म्हणायचे, मी असे व्हॉइस बिइस ऐकत नाही. घंटागाडी आली की मुद्दाम घरात जायचे. लाईट गेली की सगळ्यांच्या आधी बकेट घेऊन हजर, अन् कूलरचं डोकं साफ रिकामं. आई रोज कुंपणातून पाहायची. तिचं जेवणाकडे लक्ष नसायचं त्या वेळी. लाईट गेली की ती हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची.

"भाऊजी, पिन."

"वैनी, बोर्ड ढिला होते."

"बोर्ड बाजारात भेटते."

"हो, हो."

काका भरून आत जाईपर्यंत ती हलायची नाही. लाईट यायच्या आत काकांचा हात पाण्याबाहेर निघाला की मग श्वास सोडायची. मले म्हणाली, "मले मालूम हाय तो झटका कसा असते. छातीची तं त्यांना आधीच गोळी सुरू हाय. त्यांना झटकून नाही देनार तो, पकडून ठेवन." काकांना मागच्या वर्षापासून हृदयाची गोळी होती, हे गावाले माहीत होतं, काकांनाही माहीत होतं.

मग नवतपा लागला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, उन्हाळ्यातले हे नऊ दिवस असे असतात की दुपारी कावळा पण बोलत नाही. त्या दिवशी लाईट दोन वाजता गेली अन् येतच नव्हती. कूलरच्या टाक्या आटलेल्या. आम्ही आमची पिन डोक्यावर ठेवून टाकी भरली. आई हात पुसत ओट्यावर आली. गल्लीभर मी पाहिलं, पिना, पिना, पिना. काळ्या, पांढऱ्या, एक जुनी तपकिरी. उन्हात प्रत्येक कूलरच्या डोक्यावर एकेक पिन पडलेली, जशी पाखरं बसली आहेत. मले काय वाटलं ते मी कोणत्याच भाषेत लिहू शकत नाही.

काका त्यांच्या कूलरच्या अलीकडच्या बाजूले होते. आम्हाले फक्त त्यांची पाठ दिसून राहिली होती, वाकलेली. ताटी काढून खाली ठेवलेली होती. म्हणजे दोन्ही हात आत होते.

"भाऊजी," आईनं आवाज दिला. "पिन?"

काका अजूनच वाकले.

"भाऊजी, हात काढा आधी."

"अडकलं हाय पंपात," पाठ म्हणाली.

आई ओट्यावरून उतरली. चप्पल न घालता, तापलेल्या मातीवरून, कुंपणाच्या फाटकाकडे. मी तिच्या मागं. आम्ही फाटकापाशी असू, तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पोरं ओरडली, आलीऽऽ.

आमच्या घरात फ्रिज गरगरला. काकांच्या घरातला पंखा फिरायले लागला, मले खिडकीतून दिसला. आईनं माझा दंड पकडला, अजून नखं आठवतात मले.

काका तसेच वाकून होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. अन् कूलर चूप.

मग ते हळूहळू सरळ झाले. हातातून पाणी गळून राहिलं होतं, बोटांत खसाचा गुंता. त्यांनी आत फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग कूलरच्या वर. तिथं त्यांच्या अंगाआड, आम्हाले इतका वेळ न दिसलेली, पांढरी पिन पडली होती.

पूर्ण गल्लीत लाईट आल्याचा कालवा चालू होता अन् आम्ही तिघं तिथं उभे. काकांचा चेहरा असा झाला होता की जसा एखादा ट्रक त्यांच्या अंगावरून जाता जाता राहिला. गळ्यातल्या दुपट्ट्यानं त्यांनी हात पुसले, एकेक बोट पुसलं, खूप वेळ.

"कधीपासून काढून राह्यले, भाऊजी?" आईनं विचारलं. आवाज एकदम साधा, जसं भाजीचं विचारते.

"आजच," काका म्हणाले. मग खसाचा गुंता जमिनीवर झटकत, आमच्याकडे न पाहता, "वैनी, तुमचा गंज आमच्याच घरी हाय. लग्नापासून."

म्हणजे त्यांनी आईचा मेसेज ऐकला होता. शेवटपर्यंत ऐकला होता.

आई हसली नाही. फाटक उघडून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली अन् काठाले चेपलेला तो गंज घेऊन बाहेर आली. काकांच्या ड्रममधून तिनं तो भरून घेतला, जाता जाता त्यांच्या मोरीमागं जाऊन अर्थिंगच्या सळीवर सगळाच्या सगळा ओतला, अन् मग रिकामा गंज कमरेवर घेऊन, डाव्या हातानं त्याच्यावर ठेका देत, भर दुपारी गल्लीच्या मधातून घरी आली.